प्रत्येक केमोनंतर डोके बधिर होते, लक्ष लागत नाही: कारण कसे शोधावे

केमोथेरपीच्या दोन-तीन सायकल (एका डोसपासून पुढच्या डोसपर्यंतचा काळ म्हणजे एक सायकल) झाल्या की उलट्या, केस गळणे, तोंड येणे यांविषयी घरात मोकळेपणाने बोलले जाते, कारण ते सगळ्यांना दिसत असते. जे दिसत नाही ते रुग्ण उशिरा सांगतो आणि सांगतो तेही अर्धवट: "डोकं जड झालंय", "काही सुचत नाही", "वाचलेलं आत शिरतच नाही". वाशीच्या बाजार समितीत आडत्याकडे पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाची चिठ्ठी, लिहिणाऱ्या गृहस्थांना वजनाचा आकडा वहीतून पट्टीवर उतरवेपर्यंत लक्षात राहत नाही. ऐरोलीच्या शिक्षिकेला उत्तरपत्रिकेतला एकच परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचावा लागतो. घर सांभाळणाऱ्या बाईंच्या मनातून मोबाइलवर आलेला ओटीपी टाइप करेपर्यंत निसटतो आणि आमटीत मीठ घातले की नाही हे आठवत नाही. काही दिवसांनी थोडे हलके वाटू लागते, तोवर पुढच्या डोसची तारीख येते आणि सगळे पुन्हा सुरू होते.

खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये (टाटा स्मारक केंद्राच्या कर्करोग उपचार व संशोधन संस्थेत), परळच्या टाटा रुग्णालयात किंवा जवळच्या एखाद्या डे-केअरमध्ये उपचारांसाठी जाणाऱ्या नवी मुंबईतील रुग्णांच्या घरच्यांसोबत मी स्वयंसेविका म्हणून काम करते. ही तक्रार डॉक्टरांपर्यंत बहुधा "खूप थकवा आहे" एवढ्याच शब्दांत पोहोचते, आणि एवढ्यावरून नेमके काहीच ठरवता येत नसल्याने "केमोमुळे असे होतेच" या उत्तरावर ती थांबते. ते उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे, कारण त्या थकव्यात केमोचा स्वतःचा वाटा असतो तसाच इतर अनेक गोष्टींचाही असतो आणि त्यांपैकी बऱ्याच गोष्टी दुरुस्त करता येतात. म्हणून "हे का होते" या प्रश्नाआधी "हे कधी होते" हा प्रश्न विचारावा. त्रास कोणत्या दिवशी सुरू होतो, कोणत्या दिवशी सर्वांत जास्त असतो आणि पूर्ण उतरतो की थोडा मागे राहतो, एवढे कळले तरी कारणांची यादी निम्म्याहून लहान होते.

हा मनाचा कमकुवतपणा नाही

कर्करोगाच्या उपचारांदरम्यान लक्ष, तात्पुरती स्मृती आणि विचार करण्याचा वेग मंदावणे ही वैद्यकशास्त्राने मान्य केलेली अवस्था आहे. बोलण्यात तिला केमो ब्रेन म्हणतात, पण ती केवळ केमोने होते असे नाही. संशोधनांचे आढावे पाहिले तर उपचार सुरू होण्यापूर्वीच सुमारे ३० टक्क्यांपर्यंत रुग्णांत आणि उपचारांच्या काळात ७५ टक्क्यांपर्यंत रुग्णांत अशा तक्रारी आढळल्या आहेत. आजारामुळे आणि औषधांमुळे शरीरात वाढलेला दाह, रक्तक्षय, संप्रेरकांतील बदल, मोडलेली झोप आणि सततची काळजी या सर्वांचा त्यात हात असतो. बुद्धी नाहीशी झालेली नसते. माहिती क्षणभर मनात धरून ठेवून तिच्यावर काम करण्याची क्षमता कमी झालेली असते, आणि म्हणूनच वीस वर्षांपूर्वीची गोष्ट तपशिलासह आठवते, पण आता कपाट कशासाठी उघडले ते आठवत नाही. स्मृतीच्या साध्या चाचण्या आणि एमआरआयही पुष्कळदा सामान्य येतात. रिपोर्ट चांगला आला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही, ही गोष्ट घरच्यांनी विशेष लक्षात घ्यावी.

वाट पाहू नये अशी लक्षणे

पुढची सारी चौकशी सावकाश होणाऱ्या, परत परत येणाऱ्या त्रासाची आहे. मात्र केमो चालू असताना ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त असेल, रुग्ण अचानक गोंधळला असेल, दिवस किंवा जागा ओळखत नसेल, जागा करूनही नीट जागा होत नसेल, बोलणे अडखळत असेल, शरीराची एक बाजू लुळी पडली असेल, फिट आली असेल किंवा उलट्यांसोबत तीव्र डोकेदुखी असेल, तर नोंदी करीत बसू नये. उपचार करणाऱ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागाला त्याच वेळी फोन करावा आणि निघावे. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहणे या दिवसांत धोक्याचे आहे, कारण पांढऱ्या पेशी कमी असताना जंतुसंसर्ग काही तासांत बळावू शकतो. गोंधळ कधी कधी शांतपणेही येतो: रुग्ण बडबड करीत नाही, नुसता गप्प आणि पेंगुळलेला राहतो, मध्येच तासभर ठीक वाटतो आणि पुन्हा हरवतो. वयस्कर रुग्णांत हे हमखास "थकलेत, झोपू द्या" म्हणून सोडून दिले जाते, तसे करू नये.

कालनिर्णयाच्या चौकटीत दोन आकडे

नोंदीसाठी ॲप किंवा वेगळी वही लागत नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयात डोसच्या दिवशी खूण करावी आणि रोज संध्याकाळी त्या दिवसाच्या चौकटीत दोन आकडे लिहावेत: शरीराचा थकवा ० ते १० मध्ये किती आणि डोक्याचा थकवा ० ते १० मध्ये किती. वैद्यकीय मोजणीत १ ते ३ सौम्य, ४ ते ६ मध्यम आणि ७ ते १० तीव्र थकवा मानतात. ४ किंवा त्याहून वरचे आकडे येत असतील तर डॉक्टरांनी कारण शोधावे, अशी अपेक्षा असते. झोप किती झाली, नवीन गोळी कोणती सुरू झाली, दुखणे किती होते, हे त्याच चौकटीत एखाद्या शब्दात लिहावे. रुग्णाला जमत नसेल तर घरातील कोणी विचारून लिहावे, पण आकडा रुग्णाचाच असावा. "आज तर बरे दिसत होतात" म्हणून तो खाली आणू नये.

दोन सायकलच्या नोंदी शेजारी ठेवल्या की आकृती दिसू लागते. पुढे दर २१ दिवसांनी मिळणाऱ्या डोसचा हिशेब धरला आहे. दर आठवड्याला केमो असेल किंवा रोजच्या गोळ्यांचा उपचार असेल तर दिवस बदलतील, पण पाहण्याची पद्धत तीच राहील.

त्रास डोसच्या दिवशी आणि पुढचे दोन-तीन दिवस असेल, तर पहिला संशय सोबतच्या औषधांवर घ्यावा. केमोची रिॲक्शन येऊ नये म्हणून आधी दिले जाणारे एव्हिलसारखे इंजेक्शन गुंगी आणते. उलटी थांबवण्यासाठी रात्री दिली जाणारी ओलान्झापिन दुसऱ्या दिवशीही पेंग ठेवू शकते. इंटरनेटवर या गोळीचे नाव शोधले की मानसिक आजारांची माहिती समोर येते आणि घरचे घाबरून ती परस्पर बंद करतात. मग उलट्यांनी पाणी कमी होते आणि डोके आणखी बधिर होते. बंद करण्याऐवजी डोसविषयी विचारावे. टाटा स्मारक केंद्रात झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २.५ मिलिग्रॅमचा लहान डोस १० मिलिग्रॅमइतकाच उपयोगी ठरला आणि दिवसाची झोपाळू अवस्था त्याने कमी झाली. "दिवसभर डोळे मिटतात, डोस कमी करता येईल का" हा प्रश्न त्यामुळे पूर्णपणे रास्त आहे.

याच दिवसांतला दुसरा धागा डेक्सामेथासोनचा. हे स्टेरॉइड उलटी आणि रिॲक्शन दोन्ही रोखते, पण ते संध्याकाळी घेतले की रात्रभर डोळा लागत नाही, रक्तातील साखर वाढते, चिडचिड होते. गोळ्या घरी घ्यायच्या असतील तर त्या सकाळी न्याहारीनंतर घेता येतील का, आणि दुसरा डोस असल्यास तो दुपारच्या पुढे जाऊ न देता घेता येईल का, हे विचारून ठरवावे. मधुमेह असलेल्यांनी या दिवसांत घरच्या मशीनवर साखर तपासावी, कारण वाढलेली साखरही डोके जड करते. आणि ज्यांचा आकडा पहिले दोन दिवस चांगला असतो, पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकदम घसरतो, त्यांच्यात स्टेरॉइड संपल्यानंतर येणारी मरगळ ओळखावी. तिची वेळ आधीपासून ठाऊक असली की त्या दिवशी बँकेचे काम, पाहुणे किंवा लांबचा प्रवास ठेवायचा नाही एवढे तरी आपल्या हातात राहते.

सातव्या ते चौदाव्या दिवसांच्या दरम्यान आकडे वाढत असतील तर रक्ताकडे आणि शरीरातील पाण्याकडे पाहावे. अनेक औषधांत पांढऱ्या पेशी याच सुमारास सर्वांत कमी असतात. तोंड येऊन खाणे-पिणे कमी झालेले असते, जुलाब होत असतात, आणि एप्रिल-मे महिन्यांत ठाण्या-नवी मुंबईच्या दमट उकाड्यात घामानेही पाणी जाते. दिवसभरात लघवी किती वेळा झाली आणि तिचा रंग गडद आहे का, एवढ्यावरूनही पाणी पुरेसे जाते की नाही याचा अंदाज येतो. ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे, पोटात पाणी होते, त्यांनी मात्र पाण्याचे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

दर सायकलला त्रास थोडा थोडा वाढतच असेल आणि मधल्या चांगल्या दिवसांचे आकडेही वर सरकत असतील, तर ही सर्वांत महत्त्वाची खूण समजावी, कारण दुरुस्त होण्यासारखी कारणे येथेच अधिक सापडतात. हिमोग्लोबिन प्रत्येक डोसपूर्वी तपासले जाते, पण तो आकडा "केमो देता येईल एवढा आहे" म्हणजे "थकवा येणार नाही एवढा आहे" असे नव्हे. मागचे सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून हिमोग्लोबिन कसे उतरत गेले ते पाहावे. बीट, खजूर आणि लोहाच्या गोळ्या यांनी केमोने आलेला रक्तक्षय भरून येईलच असे नाही. त्याचे कारण काय आणि रक्त चढवायचे की दुसरा उपाय करायचा, हे डॉक्टरच ठरवतील. बी-१२ विषयी अवश्य विचारावे. शाकाहारी माणसांत, बराच काळ मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेहींत आणि जठराची शस्त्रक्रिया झालेल्यांत ते कमी असण्याची शक्यता मोठी असते, आणि त्याच्या कमतरतेने विसरभोळेपणाही येतो आणि हातापायांना मुंग्याही येतात. मानेवर रेडिएशन झाले असेल किंवा इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध जागी करणारे उपचार) चालू असेल तर थायरॉइडची तपासणी महत्त्वाची ठरते. इम्युनोथेरपीत शरीराचे स्वतःचे कॉर्टिसोल हे संप्रेरक कमी पडण्याचाही संभव असतो आणि तो थकवा केवळ विश्रांतीने जात नाही. सिस्प्लॅटिनसारख्या औषधांवर असणाऱ्यांनी सोडियम आणि मॅग्नेशियम यांचे आकडे विचारावेत. हाडांत आजार पसरलेला असेल तर कॅल्शियम वाढल्यानेही तहान, बद्धकोष्ठता आणि डोक्याचा गोंधळ एकत्र येतात.

सायकलशी काहीच मेळ बसत नसेल, महिनाभर आकडे सारखेच असतील, तर रोजच्या गोळ्यांची यादी तपासावी. ट्रॅमाडॉल, मॉर्फिन, मुंग्यांसाठी दिलेली प्रेगाबालिन किंवा गॅबापेन्टिन, झोपेसाठीची लोराझेपाम, अमिट्रिप्टिलीन, सर्दीची साधी गोळी, या प्रत्येकाने थोडी थोडी गुंगी येते, आणि वेगवेगळ्या डॉक्टरांनी वेगवेगळ्या वेळी लिहिलेल्या या गोळ्या एकत्र आल्या की तिची बेरीज होते. सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून ओपीडीत न्याव्यात आणि टेबलावर ठेवाव्यात. नावे आठवून सांगण्यापेक्षा हे किती तरी खात्रीचे आहे. दुखण्याची गोळी मात्र आपल्या मनाने थांबवू नये, कारण न थांबणारे दुखणे लक्ष जितके खाते तितके औषध खात नाही. स्तनाच्या कर्करोगात टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोल, पुरस्थ ग्रंथीच्या (प्रोस्टेटच्या) कर्करोगात संप्रेरके दाबणारी इंजेक्शने चालू असतील, तर अंगातून निघणाऱ्या वाफा आणि रात्रीचा घाम झोप मोडतात आणि दुसऱ्या दिवशीचे लक्षही त्याबरोबर जाते.

रेडिएशनचा थकवा याहून निराळा चालतो. तो आठवड्यांगणिक साचत जातो, उपचारांच्या शेवटाला सर्वांत जास्त असतो आणि उपचार संपल्यावरही काही आठवडे रेंगाळतो. रेडिएशन संपले म्हणून लगेच दुसऱ्या सोमवारी कामावर रुजू होण्याचे वचन साहेबांना देऊ नये.

एक कारण असे आहे की ज्याविषयी बोलताना घरे अडखळतात. चांगल्या दिवशीही कशात रस वाटत नसेल, आवडती मालिका, नातवंडे, देवपूजा यांकडेही मन वळत नसेल, पहाटे लवकर जाग येऊन निराशा दाटत असेल आणि हे दोन आठवड्यांहून अधिक चालले असेल, तर ते उदासीनतेचे आजारपण (डिप्रेशन) असू शकते. त्याने स्मृती आणि लक्ष दोन्ही खालावतात आणि त्यावर उपचार आहेत. मोठ्या कर्करोग रुग्णालयांत यासाठी स्वतंत्र ओपीडी असते. केंद्र सरकारच्या टेली मानस या मानसिक आरोग्याच्या फोन सेवेवर १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी मराठीतही बोलता येते. जगणे नको असे रुग्ण बोलून दाखवत असेल तर ते बोलणे मनावर घ्यावे, त्याला एकटे ठेवू नये आणि त्याच दिवशी मदत मागावी.

घरात आणि कामावर काय बदलावे

तपासण्या चालू असतानाच एक उपाय सुरू करता येतो, आणि थकव्यावर सर्वांत भक्कम पुरावा त्याचाच आहे, तो म्हणजे चालणे. थकलेल्या माणसाला चालायला सांगणे निर्दयपणाचे वाटते, हे मला मान्य आहे. तरीही सतत पडून राहिल्याने स्नायू झपाट्याने घटतात आणि मग तेवढ्याच कामाला जास्त शक्ती लागते, हे त्याहून खरे आहे. आठवड्यातून तीन वेळा ३० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुमारे तीन महिने केल्यास थकवा कमी होतो, असे २०१९ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात नमूद आहे. सुरुवात मात्र दहा मिनिटांनी आणि तीही चांगल्या दिवशी करावी. खारघरचे सेंट्रल पार्क, वाशीचा सागर विहार, ठाण्याचे उपवन येथे सकाळी गर्दी होण्यापूर्वी जावे. पावसाळ्यात इमारतीच्या पार्किंगमधील किंवा घरातल्या घरात केलेल्या फेऱ्याही चालतात. ताप असताना, प्लेटलेट्स फार कमी असताना, धाप लागत असताना किंवा हाडांत आजार असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय व्यायाम करू नये. दुपारची झोप हवीच असेल तर अर्ध्या तासाची आणि तीन वाजण्यापूर्वी घ्यावी.

डोक्याचे काम दिवसाच्या चांगल्या वेळेत ठेवावे. बहुतेकांना ती न्याहारीनंतरचे दोन-तीन तास असते. हिशेब, विम्याचे कागद, फोनवरील महत्त्वाची बोलणी तेव्हाच उरकावीत, एका वेळी एकच काम घ्यावे, टीव्ही बंद ठेवावा, आणि वीस-पंचवीस मिनिटांनी थांबावे, थकवा जाणवण्याची वाट पाहू नये. पट्टी लिहिणाऱ्या ज्या गृहस्थांचा उल्लेख वर आला, त्यांच्या मुलाने आकडे मोठ्याने वाचून दाखवायला सुरुवात केली आणि वडिलांनी फक्त लिहायचे असे ठरले. डोळ्यांनी वाचणे, मनात धरणे आणि लिहिणे ही तीन कामे होती त्यांतील दोन कमी झाली आणि चुका लगेच घटल्या. आपल्या कामातही असेच कोणते टप्पे दुसऱ्याच्या हाती किंवा कागदावर देता येतील ते पाहावे.

सुरक्षेच्या बाबतीत संकोच करू नये. आठवड्याच्या खणांचा गोळ्यांचा डबा आणावा, कारण "घेतली की नाही" या शंकेतून तीच गोळी दोनदा घेतली जाते. गॅसवर काही ठेवले की मोबाइलचा गजर लावावा. डोके जड असलेल्या दिवसांत स्कूटर किंवा गाडी चालवू नये, घोडबंदर रस्त्यावर आणि पाम बीच मार्गावर तर मुळीच नाही. संमतीपत्र किंवा चेकवर सही करताना सोबत कोणी असावे. लोकलने जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की दिव्यांगांच्या राखीव डब्यातून कर्करोगाच्या रुग्णांनाही प्रवास करता येतो. त्यासाठी रुग्णालयाची कागदपत्रे जवळ ठेवावीत आणि उतरण्याच्या एक स्थानक आधीचा गजर लावण्यास लाजू नये.

घरच्यांनी एक वाक्य कटाक्षाने टाळावे: "अगं, आत्ताच तर सांगितलं ना!" किंवा वडिलांना उद्देशून "बाबा, तुम्ही लक्षच देत नाही". रुग्ण लक्ष देत असतो, ते टिकत नसते. असे दोन-चारदा ऐकले की तो विचारणेच बंद करतो, आणि मग गोळी चुकल्याचे किंवा औषध दोनदा घेतल्याचेही सांगत नाही. तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगताना पहिल्यांदा सांगतो आहोत अशाच स्वरात सांगावी. शक्य असेल तेथे फ्रिजवर लिहून ठेवावी.

आणखी एक कळकळीची सूचना. बुद्धिवर्धक म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या, काढे, अर्क केमोच्या काळात डॉक्टरांना न सांगता देऊ नयेत. नातेवाईक प्रेमानेच आणून देतात, पण केमोची अनेक औषधे यकृतातून बाहेर पडतात. नैसर्गिक मानली जाणारी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली आहे.

ओपीडीत वेळ थोडा मिळतो, म्हणून बोलणे आधीच लिहून न्यावे. "थकवा आहे" ऐवजी असे सांगावे: "मागील दोन्ही सायकलमध्ये चौथ्या दिवसापासून आठव्या दिवसापर्यंत डोक्याचा थकवा ७ होता, चौदाव्या दिवसापर्यंत ३ वर आला, पण या वेळी ५ च्या खाली उतरलाच नाही, झोप चार तास, नवीन गोळी ही." कॅलेंडरच्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा, तो दाखवला की पुढचे बोलणे सरळ तपासण्यांवर येते.

उपचार संपल्यावर बहुतेकांचे लक्ष आणि स्मृती काही महिन्यांत सुधारत जाते. काहींना वर्ष किंवा त्याहून अधिक काळ लागतो आणि काहींत थोडी मंदी मागे राहते. उपचार संपून सहा महिने झाल्यावरही कामात अडचण येत असेल, तर फॉलोअपच्या वेळी न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून (स्मृती, लक्ष अशा क्षमता तपासणाऱ्या मानसतज्ज्ञांकडून) सविस्तर तपासणी आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून (रोजची कामे पुन्हा जमावीत म्हणून सराव करून घेणाऱ्या तज्ज्ञांकडून) लक्ष व स्मृती यांचे प्रशिक्षण मिळेल का, अशी स्पष्ट विचारणा करावी. त्या भेटीला थायरॉइड, बी-१२ आणि हिमोग्लोबिन यांचे ताजे रिपोर्ट आणि मागील दोन महिन्यांच्या नोंदी सोबत न्याव्यात.